गावच्या घरासाठी कुत्रा : दांडगा राखणदार घ्यावा की छोटा सोबती?

ओतूरकर :
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचायला येतो, आज सल्ला हवाय म्हणून धागा काढलाय. लांबलाय थोडा, गोड मानून घ्या.

आमचं घर जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ, मळ्यात. गावठाण दीडेक किलोमीटरवर. तीन बाजूंनी ऊस, चौथीला कांदा आणि पलीकडे रस्ता. घरी आईवडील दोघंच, वडील ७१, आई ६६. मी पुण्यात, धाकटा भाऊ चाकणला कंपनीत. गोठ्यात दोन गाया, चार शेळ्या, आणि आईच्या कोंबड्या ज्यांचा हिशोब फक्त तिलाच माहीत. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरट्यांनी कापून नेली, नवीन टाकली तर तीही नेली. आणि बिबट्या तर आमच्याकडे आता पाहुणा राहिला नाही, भाडेकरू झालाय. आधीचा वाघ्या (गावठी, अंगानं चांगला भरलेला) रात्री ओट्यावरून उचलून नेला, आवाजसुद्धा आला नाही.

आता नवीन कुत्रा आणायचा तर घरात दोन पक्ष पडलेत. भाऊ म्हणतो रॉटवायलर नाहीतर कॉकेशियन शेफर्ड, म्हणजे चोर आणि बिबट्या दोघांचाही एकदाच बंदोबस्त. माझी बायको आणि मुलगी (चौथीत आहे) म्हणतात बीगल किंवा शित्झू आणा, आजी आजोबांना घरात सोबत होईल, त्यांना कुठे त्या वयात राक्षस सांभाळायला लावताय. आई म्हणते काहीही आणा पण त्याचं मला करायला लावू नका, म्हणजे शेवटी करणार तीच. वडील काहीच बोलत नाहीत.

ज्यांनी गावाकडे, मळ्यात कुत्री सांभाळलीत त्यांचे अनुभव जास्त उपयोगी पडतील. बजेट पंचवीस-तीस हजारापर्यंत.

पेठेतला_पक्षी :
सीसीटीव्ही लावा. खात नाही, चावत नाही, आईला काही करायला लागत नाही.

ओतूरकर :
लावलाय हो. लाईट गेली की तोही झोपतो. आणि मोबाईलवर पुण्यात बसून बिबट्या अंगणातून जाताना बघायचा, बघून करायचं काय?

मिशीवाला :
रॉट्टी घ्या डोळे झाकून. माझ्या मावसभावाकडे आहे, गेटवर नुसता उभा राहिला तरी कुरियरवाला पार्सल बाहेरूनच फेकतो.

चिंगीची_आई :
बीगल बघितला की सगळ्या मुलींना तोच हवा असतो, माझ्याही मुलीला हवा होता म्हणूनच चिंगी आमच्याकडे आली. चिंगीवर माझा जीव आहे पण तुमच्या मळ्यात बीगल अजिबात आणू नका हे अगदी मनापासून सांगते. ह्या कुत्र्यांना इंग्लंडात सशांच्या मागावर झुंडीनं पळवायचे, पिढ्यान्‌पिढ्या नाक खाली घालून पळायचं एवढंच काम. एकदा वास लागला की कान बंद होतात, तुम्ही चिंगी चिंगी करून घसा कोरडा करा, ती वळून बघणार नाही. आम्ही सिंहगड रोडला फ्लॅटमध्ये राहतो म्हणून निभावतं, पट्टा कधीच सोडत नाही. तुमच्याकडे गेट उघडं राहिलं की उसात घुसेल आणि मग जे वाघ्याचं झालं तेच. शिवाय खादाड. चपात्यांचा डबा पंजानं ओढून कडेला आणायचा, पाडायचा आणि झाकण निघालं की पसार, हा आमच्याकडे रोजचा कार्यक्रम. दिवसभर कुणी फिरवलं नाही तर फुगून ढोल होतात. आणि लांबलचक हेल काढून रडतात ते वेगळंच.

शित्झूचं तर नावच काढू नका. ते लांब केस, आणि तुमच्याकडे कुसळं, गोखरू, चिखल. रोज विंचरायचं कुणी, आईंनी?

ओतूरकर :
धन्यवाद चिंगीची आई, हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली "मग पग?"

डॉगटर :
पग नको. मी जनावरांचा डॉक्टर आहे, शेजारच्याच जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वास घ्यायला आधीच जागा कमी, कुत्रा घाम गाळून गार होत नाही तो धापा टाकून गार होतो, आणि ह्यांना धड धापाही टाकता येत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात दुपारी पग ठेवला तर माझ्याकडेच घेऊन याल आणि तोपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

आता भावाच्या यादीकडे येतो. ओतूरकर, एकच प्रश्न विचारतो, वडिलांचं वजन किती आहे? रॉटवायलरचा नर पन्नास ते साठ किलो भरतो. कॉकेशियनचा नर पन्नासला सुरुवात होते आणि सत्तरच्या वर जातो. त्याला डोळ्यासमोर गाय सुटलेली दिसली, डेअरीवाला गाडी घेऊन आत आला, किंवा शेजारचं पोर बॉल आणायला कुंपणावरून उतरलं, त्या सेकंदाला साखळी कुणाच्या हातात असणार आहे? तुमच्या नाही, भावाच्याही नाही. तुम्ही दोघं शनिवार-रविवारी येणार. सत्तरीतला माणूस, गुडघे दुखतायत (दुखत असणारच, कांदा लावलेल्या माणसाचे दुखतातच), त्यानं साठ किलोचं जनावर ओढून धरायचं?

दुसरं आजारपण. गोचीडतापाला आपल्याकडे तोटा नाही, गुरांच्या गोठ्याजवळ राहणाऱ्या कुत्र्याला तो होणारच असं धरून चाला. औषधाचा डोस वजनावर असतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला जो खर्च येतो त्याच्या पाच-सहा पट. सलाईन लावायला त्याला उचलून गाडीत घालायला दोन माणसं लागतात. मोठ्या छातीच्या जातींमध्ये पोट फुगून जठराला पीळ पडतो, काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर कुत्रा जातो, आणि ते ऑपरेशन तालुक्याला होत नाही, पुण्यालाच पळावं लागतं. हाडं-सांधे वाढायलाच दीड-दोन वर्षं घेतात, त्या काळात लोक हौसेनं कॅल्शियम पाजतात आणि सांधे अजून बिघडवून ठेवतात. एवढं करून अवाढव्य जातींचं आयुष्य आठ-दहा वर्षं, ग्रेट डेनचं तर त्याहून कमी भरतं.

कॉकेशियन हे बर्फातलं जनावर आहे, अंगावर दुहेरी लोकर. जुन्नरच्या मे महिन्यात त्याला बांधून ठेवणं ही शिक्षा आहे, त्याला आणि तुम्हाला.

ओतूरकर_धाकटा :
दादा तुला फोन करता येत नाही का, इथे गावभर चर्चा चाललीये आणि मला कंपनीतल्या मित्रानं लिंक पाठवली. असो आलोच आहे तर बोलतो.

डॉक्टरसाहेब तुमचा मान ठेवून सांगतो, छोटा कुत्रा आणून काय होणार? केबल चोरणारी माणसं तीन-चार असतात, हातात कटर कोयता असतो, त्यांच्यासमोर ते टेडी बेअर सोडणार का? आणि बिबट्यासमोर? वाघ्या वीस किलोचा होता तो गेला. साठ किलोचा असता तर बिबट्यानं दहा वेळा विचार केला असता. हे माझं साधं गणित आहे.

पेठेतला_पक्षी :
धाकटे आले! आता खरी मजा.

रानवारा :
धाकटे, गणित साधं आहे पण चुकीच्या वहीत मांडलंय. मी अकोले-जुन्नर भागात बिबट्यांबद्दल गावोगावी जागृतीचं काम करणाऱ्या लोकांबरोबर हिंडलोय. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचे नमुने तपासले होते, खाल्लेल्या मांसाचा वजनाच्या हिशोबानं जवळपास ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा त्याहून बराच कमी. म्हणजे उसातला बिबट्या कुत्र्याला घाबरून तुमच्या घराला वळसा घालत नाही, बऱ्याचदा तो कुत्र्यासाठीच येतो.

आणि तो समोरासमोर कुस्ती खेळत नाही. दबा धरतो, मागून किंवा कडेनं येतो, गळा धरतो. तुम्हीच लिहिलंय ना की वाघ्याचा आवाजसुद्धा आला नाही. साखळीला बांधलेला कुत्रा तर ताटात वाढून ठेवलेला. साठ किलोचा असेल तर नेता आला नाही तरी मारून जाईल. हिमालयात गुराखी कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे घालतात ते उगीच नाही, गळा वाचला तर कुत्रा वाचतो. शिरूरकडे तर बायामाणसं स्वतःच्या गळ्यात तसले पट्टे घालून शेतात जाताना बातम्यांत दिसली, इतकी वेळ आली.

त्यामुळे कुठलाही कुत्रा आणा, पाच किलोचा की साठचा, अंधार पडला की तो जाळीच्या आत. शेळ्याही जाळीच्या आत, वरून झाकलेलं, नुसतं कुंपण नाही. कुत्र्याचं काम तिथून भुंकणं. भुंकायला आकार लागत नाही.

मिनू_ऑस्टिन :
थोडं वेगळं सांगते. आम्ही टेक्ससमध्ये आहोत, गावाबाहेर. शेजाऱ्यांकडे शेळ्या आहेत आणि त्यांच्यासोबत दोन ग्रेट पिरेनीज, पांढरेशुभ्र, अस्वलाएवढे. ते खरोखरच कायोटींना (इकडचे कोल्ह्यासारखे प्राणी) जवळ येऊ देत नाहीत. पण ती कुत्री "पाळलेली" नाहीत. पिल्लू असल्यापासून शेळ्यांतच वाढतात, तिथेच झोपतात, माणसानं जास्त लाड करायचे नाहीत असा नियम. रात्रभर भुंकतात, रा-त्र-भ-र, आम्ही एवढ्या लांब राहून खिडक्या लावून झोपतो. कुणाचं ऐकत नाहीत कारण पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळ नसताना स्वतः ठरवायचं हेच त्यांना शिकवलंय. कुंपण कमी पडलं की चार शेतं ओलांडून फिरून येतात. ते सगळं दोनशे शेळ्यांसाठी परवडतं. चार शेळ्या आणि दोन म्हातारी माणसं ह्यांच्यासाठी कसं काय, मला शंका वाटते.

ओतूरकर_धाकटा :
बघा, म्हणजे काम करतात ना! मी वाचलंय नामिबियात तर चित्त्यांपासून कळप राखायला अशी कुत्री देतात शेतकऱ्यांना.

रानवारा :
देतात, १९९४ पासून. चीता कन्झर्वेशन फंड नावाची संस्था आहे, ॲनाटोलियन शेफर्ड आणि कंगाल जातीची पिल्लं देते आणि चांगला उपयोगही झालाय. पण चित्ता दिवसा शिकार करतो, अंगानं हलका, त्याला साधी जखम झाली तरी पळता येत नाही म्हणजे उपाशी मरणार, त्यामुळे कुणी अंगावर आलं की तो मागे फिरतो. तिथे कुत्रं दिवसभर उघड्या माळावर कळपाबरोबर चालतं, लांबून सगळं दिसतं. तुमच्याकडे बिबट्या, रात्र आणि दहा फूट उंच ऊस. तिन्ही गोष्टी उलट्या.

खंडू_जतकर :
रामराम. समदे इंग्रजी कुत्र्यांवरच का भांडताय. आमच्याकडं जत, कवठेमहांकाळ, आटपाडी भागात कारवानी, म्हंजे मुधोळ कुत्रं, बघा घरोघरी. हडकुळं दिसतंय, लोक म्हणत्यात खायला घालत न्हाईस व्हय रं, पर त्येची जातच तशी. पळाय लागलं की मोटारसायकल मागं. उन्हाला डरत न्हाई, चार भाकरी आन ताकावर राहतंय, डाक्टरचं तोंड बघत न्हाई. मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ह्येची जोडी विलायतेला पंचम जॉर्ज बादशहाला दिल्ती. २००५ साली टपाल खात्यानं त्येचं तिकीट काढलंय. आर्मीनं बी नेल्यात. परदेशी कुत्र्याला पैसं घालण्यापरीस आपलं घ्या.

डॉगटर :
खंडूभाऊ, कारवानी मलाही आवडतो, आणि पश्मी (तोच, पण कानाशेपटीला झुलपं असलेला) तर दिसायलाच राजेशाही. पण तो नजरेनं शिकार करणारा कुत्रा आहे. हललं की पळायचं हे त्याच्या रक्तात. ओतूरकरांच्या आईच्या कोंबड्या आठवडाभर तरी टिकतील का सांगा. शिवाय रोज मनसोक्त पळवायला लागतं, पट्ट्यात बांधून ठेवला की बिथरतो नाहीतर खंगतो. अनोळखी माणसाशी लाजरा, अंगाला हात लावू देत नाही, पण सगळेच राखण करतात असंही नाही. तरणा माणूस घरात असता आणि माळरान असतं तर पहिली पसंती दिली असती. उसाच्या मळ्यात त्याला पळायला जागा कुठाय?

खंडू_जतकर :
कोंबडीचं खरं हाय तुमचं. आमचं पण दोन-चार गेलंत.

वकीलसाहेब :
कायद्याचं थोडं. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं रॉटवायलर, पिटबुल, कॉकेशियन शेफर्ड, कंगाल, केन कोर्सो वगैरे धरून २३ जातींवर बंदी घाला असं राज्यांना कळवलं होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते परिपत्रक रद्द केलं, लोकांचं म्हणणं न ऐकता काढलं म्हणून. ते पत्र आता लागू नाही, पण म्हणून जबाबदारी संपत नाही. कुत्रा कुणाला चावला आणि तुम्ही पुरेशी काळजी घेतली नव्हती असं दिसलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा होतो, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाव येणार ते घरात राहणाऱ्याचं, म्हणजे तुमच्या वडिलांचं.

आणि पिल्लू विकत घेणार असाल तर २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. इन्स्टावर फोटो टाकून पस्तीस दिवसांची पिल्लं विकणारे ढीगभर आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

मिशीवाला :
मावसभावाला आताच फोन केला. म्हणतोय त्यानं रॉट्टी विकायला काढलाय कारण बायको माहेरी जायची धमकी देतेय. कुणाला हवा असेल तर सांगा.

शेवंता_मावशी :
मी संगमनेर तालुक्यात मळ्यात राहते, हे गेल्यापासून एकटीच, मुलगी नाशिकला. त्यामुळे ह्या धाग्यावर लिहायचा हक्क मला सगळ्यात जास्त आहे असं मी समजते.

तुम्ही सगळी माणसं चोर आणि बिबट्या धरून बसलात. मळ्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा दिवस कसा जातो ते कुणी विचारलंच नाही. ओतूरकर, तुमच्या वडिलांकडे शेतीची लाईट कधी असते? आमच्याकडे आठवड्यात काही दिवस रात्री दहानंतर येते, मग पाणी द्यायला माणूस अंधारात विहिरीवर जाणार आणि कुत्रं सवयीनं पुढं पुढं पळणार. खरा धोका तिथं आहे, कुत्र्यालाही आणि माणसालाही. त्यावर मी मोबाईलवरचा स्टार्टर बसवून घेतला, मोटार घरातून चालू होते. बारं (पाण्याची वाट) बदलायला तेवढं जावं लागतं तर शेजारचा गडी बरोबर घेते, बॅटरी आणि काठी हातात, मोठ्यानं बोलत. कुत्री त्यावेळी आत बंद.

केबलचं म्हणाल तर विहीर घरापासून लांब असणार. घराजवळ कितीही मोठा कुत्रा बांधला तरी तीन-चारशे फुटांवरच्या विहिरीवर तो काय करणार? केबल जमिनीत पाईपमधून गाडून घ्या, वर फूटभर सुद्धा दिसू देऊ नका. हे काम कुत्र्याचं नाहीच.

आता कुत्र्याचं. माझ्याकडे दोन आहेत. एक पॉमेरियनसारखं पांढरं, खरं तर इंडियन स्पिट्झ, आठ-नऊ किलोचं. हे घरात असतं, उंबऱ्याशी झोपतं, पान हललं तरी भुंकतं. दुसरी गावठी कुत्री, भुरी, मध्यम अंगाची, बाहेर असते, संध्याकाळी जाळीत. पांढऱ्याला आधी ऐकू येतं, ते भुंकलं की भुरी जाळीतून भुंकते आणि तिचा आवाज असा खर्जात की रस्त्यावरच्या माणसाला वाटावं आत लांडगा बांधलाय. चोराला कुत्रं किती किलोचं ते अंधारात कसं कळणार? त्याला घर जागं झालं एवढं कळलं की पुरतं. मी दार उघडत नाही, आतला दिवा लावते आणि शेजारी फोन करते.

आणि दुपारी. जेवण झाल्यावर दोन-तीन तास घर खायला उठतं, त्या वेळी ते पांढरं पायाशी येऊन पडतं. तुमची बायको सोबतीचं म्हणते त्यात काही चुकीचं नाही. आई घाण काढायची नाही म्हणतेय ना, काढेल. पण तिला वाकून उचलता येईल एवढंच कुत्रं आणा.

चिंगीची_आई :
मावशी, शंभर नंबरी. अनुमोदन.

डॉगटर :
मावशींना अनुमोदन, आणि थोडी भर. स्पिट्झला उन्हाळ्यात भादरून टाकू नका, लोक दया म्हणून टकलं करतात आणि मग कातडी भाजते. रोज फणी फिरवा, दुपारी फरशीवर झोपू द्या.

गावठी घेणार असाल तर मादी घ्या. नर लघवीच्या वासानं गावभर हिंडतो, भांडतो, बिबट्याच्या वाटेत जातो. मादी घराला धरून राहते आणि राखणीत तसूभर कमी नसते, फक्त वेळेत नसबंदी करून घ्या म्हणजे दारात लाईन लागणार नाही. सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी सुरू, तीन महिन्यांनी रेबीजची, मग बूस्टर, मग दरवर्षी. जंताचं औषध लहानपणी दर पंधरा दिवसांनी. ओतूरकडे पाऊस चांगला आणि उसात उंदीर, त्यामुळे लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) लस सोडू नका. लस दिलेलं कुत्रं चावलं तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा, ह्यात चालढकल नको.

आणखी एक, तुमच्या भागात घोणस आहे. कुत्रं उसाच्या कडेनं नाक खुपसत फिरतं आणि तोंडावर दंश घेतं. अचानक तोंड सुजलं तर मधमाशी चावली असेल म्हणून घरी बसू नका. माणसाला जे सापाचं इंजेक्शन देतात तेच कुत्र्यालाही चालतं.

ओतूरकर_धाकटा :
मान्य. पूर्ण नाही, पण बरंचसं मान्य. पाण्याचा विषय खरा आहे, अण्णा रात्री एकटे जातात आणि आम्हाला दोघांनाही ते माहीत असून आम्ही फोनवर फक्त जपून जा म्हणतो. पण मला अजूनही वाटतं की दिवसा रस्त्यावरून बघणाऱ्याला गेटात काहीतरी अंगापिंडाचं दिसलं पाहिजे. स्पिट्झ बघून कोण थांबेल? लॅब चालेल का, निदान दिसायला तरी मोठा?

डॉगटर :
लॅब दिसायला मोठा आहे पण चोर बिस्किट घेऊन आला तर तो त्याला गोठाही दाखवेल. तुम्हाला अंगपिंडच हवं असेल तर गावात लॅब किंवा जर्मन शेफर्ड आणि गावठी असं मिक्स भरपूर मिळतं, वीस-पंचवीस किलोपर्यंत जातं, कान उभे असले की लोक आपोआप बिचकतात. फुकट मिळेल. ते पंचवीस हजार जाळीला घाला.

ओतूरकर :
सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल घरी फोन केला, स्पीकरवर मावशींचा प्रतिसाद वाचून दाखवला. आई म्हणाली ह्या बाईंचा नंबर दे. वडील पहिल्यांदा बोलले, म्हणाले आधी शेळ्यांचं बघा, कुत्र्याचं मागाहून. तर आधी मोबाईल स्टार्टर आणि केबल गाडणं, मग गोठ्याला लागून जाळी, आणि दिवाळीनंतर कुत्री, बहुतेक मिक्स मादी. स्पिट्झचं आईच्या मनावर सोडलंय. मुलगी अजून बीगलवरच अडून आहे, तिला चिंगीच्या आईंच्या घरी न्यावं म्हणतोय, चालेल का?

आता जाळी कशी असावी ते कुणी नीट सांगेल का? फॅब्रिकेशनवाला चेनलिंक म्हणतोय.

चिंगीची_आई :
कधीही या. चपात्या लपवून ठेवते.

रानवारा :
चेनलिंक नको. भोकं मोठी असतात, बिबट्या पंजा आत घालून ओढतो आणि जाळीला टेकून झोपलेला कुत्रा आतच मारतो. वेल्डमेश (तारा वेल्डिंगनं जोडलेली जाळी) घ्या, जाड तारेची, भोक दोन इंचाच्या आत. चारही बाजू आणि वरूनसुद्धा, नुसता पत्रा टाकून भागत नाही, पत्रा उचकटतो, पत्र्याखाली जाळी हवीच. खाली सिमेंटचा कोबा, जाळी त्यात गाडलेली. दाराला वरखाली दोन कड्या, आणि दार आतल्या बाजूला, घराकडे तोंड करून. सहा बाय आठ फूट पुरे आणि माणूस उभा राहील एवढी उंची, नाहीतर आईंना वाकून झाडावं लागेल. आत एक लाकडी फळी भिंतीपासून लांब, झोपायला. कुत्र्याची आणि शेळ्यांची मधली भिंत जाळीचीच ठेवा म्हणजे हवा खेळेल. ऊस घरापासून निदान वीस-पंचवीस फूट मागे घ्या, तेवढ्यात मेथी कोथिंबीर लावा, पण आडोसा नको.

ओतूरकर_धाकटा :
अँगल आणि वेल्डमेश मी चाकणहून आणतो, ओळखीचा आहे, स्वस्तात होईल. उसाचं अण्णांशी दादानं बोलायचं, मी नाही बोलणार. वीस फूट पट्टा सोडा म्हटलं की काय होईल मला माहितीये.

पेठेतला_पक्षी :
बिबट्यापेक्षा ते अवघड आहे.